माणसं कमी पडली तेव्हा

गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. बोली वर्षाची असते: इतके रुपये, इतकी पायली ज्वारी, एक घोंगडी, वहाणांचा जोड, सणाला धोतर. बोली होण्याआधीच गड्यानं उचल घेतलेली असते, त्यामुळे पुढचा पाडवा येईपर्यंत त्याला पाय काढता येत नाही. पलटणीत नाव घालणाऱ्या माणसाची बोली याहून फार निराळी नव्हती. महिन्याचे अमुक रुपये, एक कांबळं, बूट, अंगावर कपडा, आणि ठरल्या मुदतीपर्यंत सुटका नाही. फरक दोन होते. या मालकाला गड्याच्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं आणि म्हातारपणी तो पेन्शन देत होता. दोन महायुद्धांत सातारा, रत्नागिरी, नगर, पुणे या भागांतून हजारो माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या हातात जाण्याआधी नांगर, कोयता किंवा दुसऱ्याच्या बैलांचा कासरा होता. त्यांच्याबद्दल आपण बोलायला लागलो की पहिला शब्द शौर्य येतो, दुसरा परंपरा. मला वाटतं, पहिला शब्द मजुरी यायला हवा आणि दुसरा गरज. तीही मजुराची नव्हे, मालकाची. युद्धाला माणसं कमी पडली की शेतमजूर एकाएकी लढवय्या ठरतो, आणि युद्ध आटोपलं की त्याचं लढवय्येपण कागदावरून पुसलं जातं. महाराष्ट्रात हे दोनदा घडलं आणि दोन्ही वेळची नोंद शाबूत आहे.

आधी जमिनीकडे पाहू, कारण माणूस तिथून उठला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पहिलं महायुद्ध चालू असतानाच पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती छापली. आज त्या जागी संगणक कंपन्यांत जाणाऱ्यांचे मनोरे उभे आहेत. तेव्हा ते कोरडवाहू खेडं होतं. मॅनच्या हिशेबाप्रमाणे १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १९१४-१५ मध्ये ती सात एकरांवर आली होती. १५६ मालकांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते आणि त्यांतले ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. एका बाजूला चार सरी, ओढ्यापलीकडे आणखी दोन, आणि त्या दोहोंसाठी एकच बैलजोडी, तीही कधी कधी उसनी. अशा घरात तीन भाऊ असले तर एकानं जमीन सांभाळायची आणि दोघांनी दुसऱ्याच्या बांधावर किंवा गावाबाहेर राबायचं, हे गणित कुणी शिकवावं लागत नव्हतं. खडकीचा दारूगोळा कारखाना तिथून पायी जाण्याइतका जवळ. शेतकरी, शेतमजूर आणि कारखान्यातला हमाल हा बऱ्याचदा एकच माणूस असे, फक्त महिना निराळा. म्हणून ‘शेतकरी की मजूर’ हा प्रश्न दख्खनच्या बाबतीत फारसा ताणू नये. सातबाऱ्यावर नाव आहे आणि तरी पोट मजुरीवर आहे, अशांचीच संख्या मोठी होती. कोकणात तर जमीन खोताची आणि कसणारा कूळ. भात झोडून झालं, खोताचा वाटा गेला की तरणा मुलगा बोटीनं मुंबईला, गिरणीत किंवा गोदीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आणि त्याच दशकातला प्लेग यांनी उरलीसुरली कसर भरून काढली.

आता पगार पाहू, कारण इथे एक गैरसमज आहे. पलटणीतला पगार मोठा होता म्हणून माणसं धावली, असं म्हटलं जातं. १९१४ साली साध्या शिपायाला महिना अकरा रुपये मिळत, आणि १९१७ मध्ये फुकट शिधा सुरू होईपर्यंत खाण्याचा खर्च त्यातूनच जाई. हा काही राजेशाही मेहनताना नव्हे. मुंबईच्या गिरणीत हात बसलेला माणूस याहून जास्त कमवी. ओढ होती ती रकमेतल्या ठामपणाची. शेतातली मजुरी पावसावर, आणि पाऊस कुणाच्याच हातात नाही. ती निम्मी धान्यात मिळते, मालकाच्या मापानं मोजून मिळते, पेरणी आणि सुगी यांच्या मधल्या महिन्यांत मिळतच नाही. अकरा रुपये मात्र दर महिन्याला अकराच असत. मनिऑर्डर घेऊन पोस्टमन दारात आला की सावकारालाही ते दिसे आणि पाटलालाही. त्या घराची पत गावात किती वाढते, हे ज्यांनी उधारीवर मीठमिरची आणली त्यांना सांगायला नको. ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या एका खेड्याबद्दल रोनाल्ड ब्लाइद यांनी ‘अ‍ॅकनफील्ड’ नावाचं पुस्तक लिहिलं आहे. १९१४ साली फौजेत गेलेला एक म्हातारा शेतमजूर त्यात सांगतो, की फौजेच्या शिक्षणकाळात त्याचं वजन वाढलं, आणि त्याचं श्रेय तो अन्नापेक्षा शेतावरच्या ढोरमेहनतीतून मिळालेल्या सुटकेला देतो. ज्याला आपण कवायतीचा छळ समजतो, तो नांगरामागे चालणाऱ्याला विसावा वाटला. दख्खनचा गडी आणि सफकचा मजूर यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण हे वाक्य कळलं असतं.

इथवर गोष्ट गरिबीची झाली. पण गरिबी एवढंच कारण असतं, तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त भरती गावकुसाबाहेरच्या वस्तीतून व्हायला हवी होती. तिथे जमीन नव्हती; होतं ते महारवतन. वतनाची जमीन तुटपुंजी, आणि तिच्या बदल्यात गावाची आणि सरकारची चोवीस तासांची चाकरी: येसकरकी, सांगावे पोचवणं, सरकारी माणसाचं सामान वाहणं, मेलेलं जनावर ओढणं. मजुराला निदान रोज ठरवता येतो. वतनदार महाराला तोही नव्हता, त्याच्या वाट्याला भाकरतुकडा आणि बलुतं. १८७४ च्या कायद्यानं ही बांधणी पक्की केली आणि ती मोडायला थेट १९५८ साल उजाडावं लागलं. या माणसाइतकं पलटणीचं मोल दुसऱ्या कुणाला असणार? ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते, हे कोरेगाव भीमाच्या स्तंभावरच कोरलेलं आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत ‘नाक’ या प्रत्ययानं संपणारी बावीस नावं आहेत. ती नोकरी केवळ पगाराची नव्हती. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवत. गावातल्या शाळेच्या ओट्यावरही ज्याला चढू देत नसत, त्याच्या मुलाला छावणीत पाटी मिळे. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेचे हेडमास्तर होते, आणि त्यांचा धाकटा मुलगा १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला. भीमराव आंबेडकर नावाच्या त्या मुलाच्या शिक्षणाचा पाया एका सुभेदाराच्या घरात घातला गेला, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

आणि नेमक्या त्याच सुमारास दार मिटलं. १८९० चं दशक सुरू होताना हिंदी फौजेचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स होते आणि ‘लढवय्या जाती’ ही कल्पना तेव्हा जोरात होती. काही जाती जन्मतः शूर, बाकीच्या जन्मतः भित्र्या, असा तो सिद्धांत. त्यात उत्तरेचा, गोरापान, स्वतःची जमीन कसणारा शेतकरी सगळ्यात वर, दक्षिणेचा खाली, आणि भूमिहीन चाकरवर्ग यादीतच नाही. महारांची भरती थांबली. ज्यांच्या आज्यांची नावं कंपनी सरकारनंच दगडावर कोरली, त्यांची नातवंडं लढायला नालायक ठरली, तीही कुठली लढाई न हरता. सेवानिवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे निवेदन धाडलं. सरकारी उत्तरांचा सूर एकच: तुमच्याबरोबर बाकीच्या जाती पंगतीला बसणार नाहीत, मग पलटण कशी चालायची? आता ही अडचण आधीच्या शंभर वर्षांत कशी आड आली नाही, हे कुणी विचारलं नाही. सिद्धांताची परीक्षा अशा वेळीच होते. त्यात खरंच काही तथ्य असेल, तर तो संकटातही टिकायला हवा, किंबहुना संकटात जास्त कडक पाळला जायला हवा. लढाई ऐन भरात असताना भित्र्या माणसाला बंदूक कोण देईल?

१९१७ साली ती देण्यात आली. मेसोपोटेमिया, फ्रान्स, पूर्व आफ्रिका, पॅलेस्टाइन अशा सगळ्या आघाड्यांवर माणसं खपत होती. महायुद्धभरात हिंदुस्थानातून लढणारे आणि बिगरलढाऊ मिळून चौदा लाखांच्या घरात माणसं भरती झाली आणि त्यांतला फार मोठा भार एकट्या पंजाबनं उचलला. पंजाबचा हौद आटू लागला तेव्हा बाकीच्या विहिरी आठवल्या. १११ वी महार पलटण उभी राहिली. शौर्य पंचवीस वर्षं कुठे गेलं होतं आणि एका हुकमात कसं परतलं, याचा खुलासा कुणी दिला नाही. युद्ध संपलं. १९२० साली ही पलटण ७१ व्या पंजाब पलटणीत मिसळली आणि १९२१ मध्ये मोडली. सुगीला कुणाचाही हात चालतो, मळणी झाली की जात आठवते. गावातली ही रीत साहेबानं इतक्या सहज उचलली की त्याला ती शिकवावी लागली नसावी. मग दुसरं महायुद्ध आलं. १९३९ साली दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली आणि पुन्हा तेच दार करकरलं: ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण, पाठोपाठ कामठीला दुसरी. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ. हा अपवाद म्हणावा, तर पंजाबातही तेच. तिथले मजहबी शीख म्हणजे जाट जमीनदारांच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे मजूर. त्यांच्या शीख पायोनियर पलटणी १९३० च्या दशकाच्या आरंभी काटकसरीत मोडल्या आणि १९४१ मध्ये त्याच माणसांची नवी रेजिमेंट उभारली. चमार रेजिमेंट १९४३ मध्ये उभी राहिली, ब्रह्मदेशात लढली, १९४६ अखेर मोडली. तीन ठिकाणी तीन जाती, आणि तारखा एकमेकींच्या हातात हात घालून चालतात.

या मांडणीवर पहिला आक्षेप महार रेजिमेंटच घेईल, आणि तो रास्त आहे. ती १९४६ मध्ये मोडली नाही. उलट मशीनगन रेजिमेंट झाली, स्वातंत्र्यानंतर वाढली, आजही आहे. मग दार मिटलं कुठे? मला यातलं मोठं कारण असं दिसतं, की या खेपेला दाराच्या आतल्या बाजूला एक माणूस उभा होता. १९४१ पासून डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळात होते, १९४२ पासून कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९२१ साली काय झालं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. चमार रेजिमेंटला असा कुणी नव्हता. अपवादानं नियम खोटा ठरत नाही; दार उघडं ठेवायला केवळ रणांगणावरची कामगिरी पुरत नव्हती, दरबारात वजनही लागत होतं, एवढंच त्यातून कळतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गरज आणि मजुरी यांनी सगळं उलगडत असेल, तर एकाच तालुक्यातल्या दोन सारख्याच गरीब गावांपैकी एकातून शंभर माणसं जातात आणि दुसऱ्यातून दोन, हे कसं? साताऱ्याजवळचं अपशिंगे पाहा. गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका खेड्यातले शेहेचाळीस जण पडले आणि त्यांचं स्मारक गावात उभं आहे. तिथली माती शेजारच्या शिवाराहून शूर आहे, असं मानायचं तर लॉर्ड रॉबर्ट्सच्याच पंगतीत बसावं लागेल. त्यापेक्षा ऊस तोडायला किंवा गिरणीत जाणारी माणसं कशी जातात ते आठवावं. पहिला कुणीतरी जातो, टिकतो, सुट्टीवर येतो, जाताना चुलतभावाला घेऊन जातो. पलटणीतला सुभेदार आपल्या भावकीतला असेल तर अर्धी भीती संपते. छाती किती फुगवायची, डॉक्टरपुढे काय बोलायचं, हे तो आधीच सांगून ठेवतो. आजही पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुलं कुठल्या गावची जास्त आहेत ते पाहिलं, तर याच नात्यागोत्याच्या वाटा दिसतील. परंपरा असते, मी ती नाकारत नाही. पण ती रक्तातून येत नाही, मामाकडून येते. आणि ज्यांना पंचवीस वर्षं आत घेतलंच नाही, त्यांच्या वस्तीत तो मामा तयारच झाला नाही.

तिसरा आक्षेप मनाला लागतो: पोटाच्या हिशेबानं गेलेला माणूस म्हणून दाखवलं, की त्याचं शौर्य हलकं होत नाही का? ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीच्या काठावर संगमनेर तालुक्यातल्या निमजचा नामदेव जाधव हा शिपाई कंपनीचा निरोप्या म्हणून पुढे होता. दोन जखमी सोबत्यांना त्यानं एकेक करून नदीतून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत जाऊन एकट्यानं मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर चढून मराठ्यांची ललकारी देत बाकीच्यांना बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या वर्षी जुलैमध्ये इटलीतच टायबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे असंच एकट्यानं ठाणं घेऊन तिथेच पडला. त्यालाही तोच मान, मरणोत्तर. या दोघांनी भरतीच्या दिवशी कोणता हिशेब केला होता, त्यावरून त्या दिवशीच्या कृतीची किंमत ठरत नाही. माणूस घर कोणत्या कारणानं सोडतो आणि सोबती पडलेला दिसल्यावर काय करतो, ही दोन वेगळी खाती आहेत. घोळ होतो तो दुसऱ्या खात्यातली जमा दाखवून पहिल्यातला खर्च झाकला जातो तेव्हा. जमातच शूर आहे, असं एकदा म्हटलं की तिच्याकडे जमीन का नव्हती हे विचारायचं राहून जातं.

उलट बाजूनं राष्ट्रवादी आक्षेपही असतो: परक्याच्या साम्राज्यासाठी लढले, त्यांचं एवढं कौतुक कशाला? यावर एक प्रसंग आठवावासा वाटतो. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली. माणसं द्यायला लोकमान्य टिळकांची ना नव्हती, पण त्या बदल्यात स्वराज्याचं बोला, असा त्यांचा आग्रह होता. गव्हर्नरांनी त्यांना मध्येच अडवलं आणि टिळक सभा सोडून गेले. त्याच दिवसांत गांधीजी खेड्यापाड्यांतून भरतीसाठी पायपीट करत होते. म्हणजे त्या काळचं पुढारपणही या माणसाकडे नाणं म्हणून पाहत होतं. वाद होता तो त्याची किंमत काय घ्यायची याचा. ज्याच्या नावानं हा सौदा चालला होता त्याला स्वतःचा सौदा करायचा झाला, तर त्यानं तो महिना अकरा रुपयांत केला, आणि त्याबद्दल त्याला देशद्रोही ठरवण्याइतका मोकळा पर्याय त्याच्यापुढे कुणीच ठेवला नव्हता.

त्या सौद्याची दुसरी बाजू कुट-अल-अमारा इथे दिसते. तिग्रिस नदीच्या एका वळणावरचं हे गाव. डिसेंबर १९१५ पासून तिथे तुर्कांनी पुणे डिव्हिजनला वेढलं. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शिधा आठवड्यागणिक घटत गेला, शेवटी पलटणीचे घोडे आणि खेचरं कापली गेली. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस अखेरच्या दिवसांपर्यंत तोंडात घातलं नाही. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, स्कर्व्हीनं माणसं दवाखान्यात भरली. ज्या जनावराला काल चंदी चारली त्याला आज खायचं, हे बैलपोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्याला कसं झेपलं असेल? २९ एप्रिल १९१६ ला साधारण तेरा हजार जण शरण गेले आणि वाळवंटातल्या कूचीत, पुढे कैदेत, हजारो मेले. जे वाचून आले ते १९१८-१९ च्या गावात आले. त्या साली पाऊस गेला होता, धान्याचे भाव चढले होते आणि इन्फ्लुएन्झानं एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं नेली होती. पंजाबात निवडक शिपायांना कालव्याकाठी जमिनी मिळाल्या. दख्खनमध्ये वाटायला तसे कालवेच नव्हते. ज्या तुकड्यावरून तो उठून गेला होता, तो तुकडा मधल्या काळात भावकीत आणखी वाटला गेला होता.

मेसोपोटेमियात पडलेल्यांचं स्मारक बसऱ्यात उभारलं गेलं. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन बसवलं. चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद त्यावर आहे. गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अंमलदारांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र दगडावर पलटणीचं नाव आणि त्यापुढे फक्त आकडा: या पलटणीचे इतके. २०२१ मध्ये युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुलाच्या मंडळानं अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. कोरेगावचा स्तंभ याच्या शंभर वर्षं आधीचा. तिथे मात्र एकेका शिपायाचं नाव आहे, आणि ते अजून वाचता येतं.